शहात्तरावं झाड

रक्षाचं लग्न झालं ते दोन हजार तेवीसच्या वैशाखात. वरात अड्याळहून वेळेवर निघाली आणि नाल्यापाशी येऊन थांबली. पुढं गाडीवाट नव्हती. बेहडाटोल्यापर्यंतचे दोन किलोमीटर सगळं वनखात्याचं जंगल, आणि त्यातून एक पायवाट, मोटरसायकल कशीबशी जाईल एवढी.

"आता काय जी?" नवरदेवाच्या मावशीनं गाडीतून उतरता उतरता विचारलं.

"आता पायी, जी," हेमराज म्हणाला. तो नवरीचा मामा. वऱ्हाडाला सामोरा तोच आला होता.

"पायी? मंग पोरगी पाहाले आलो तवा काहून नाही सांगितलं?"

"तवा तुम्ही मोटरसायकलनं आले होते ना जी."

"अन् आंदनाचा दिवान कायवर नेता? मोटरसायकलवर?"

लोक हसले. अर्ध्या वाटेत मावशीच्या चपलेचा पट्टा तुटला, मग कोणी हसलं नाही. मांडवात पोचल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोरगी सोन्यासारखी आहे म्हनून बसतो. नाही तं नाल्यावरूनच परतलो असतो."

नवरीची आई कुंताबाई, हेमराजची मोठी बहीण, तेही हसण्यावारी नेत पाणी वाढत होती. त्या दिवशी तिचे पाय सुजले होते. लग्नघरात उभं राहून पाय सुजतातच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

हेमराज कापगते साकोलीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात वनमजूर होता. वीस-बावीस वर्षं रोजंदारीवर, मग कायम. कार्यालयात त्याच्या खाली कोणी नव्हतं. जंगलाच्या जमिनीवर कोणाला काही करायचं असेल, पाण्याची पाइपलाइन न्यायची, अंगणवाडी बांधायची, वाट रुंद करायची, तर अर्ज येई आणि साहेब हेमराजला जागेवर धाडत. आखलेल्या पट्ट्यातलं एकेक झाड मोजायचं, त्यावर लाल रंगानं आकडा टाकायचा, यादी आणून द्यायची. अक्षरं तो तिशी उलटल्यावर शिकला. जोडाक्षर आलं की अजून अडखळे. पण आकड्यात त्याची कधी चूक नव्हती. सात-आठ साहेब बदलले, आणि जाणारा येणाऱ्याला सांगून जाई की कापगतेची यादी पुन्हा मोजायची गरज नाही.

लग्नातली नाचक्की गावाच्या जिव्हारी लागली. ग्रामसभेनं रस्त्याचा ठराव केला, कागद फिरले, आणि धान कापून झाल्यावर डिसेंबरात हेमराज मोजणीला बेहडाटोल्यात आला. रस्ता बरोबर एक हेक्टर जागेत बसत होता. हेक्टरमागे पंचाहत्तर झाडांपर्यंत तोडायची असली तर मंजुरी भंडाऱ्यातच मिळते. त्याच्या वर एक जरी झाड गेलं तरी फाईल नागपूरला, आणि तिथून आणखी पुढं. ती कधी परत येईल हे साहेबालाही सांगता येत नाही.

गावाच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष सुखराम पट्टी धरायला होता. कुंताबाईचा नवरा घनश्याम रंगाचा डबा घेऊन होता. हेमराजच्या हातात त्याची काठी. झाड छातीच्या उंचीवर मोजायचं असा नियम. पण छाती ज्याची त्याची वेगळी, म्हणून काठीवर साडेचार फुटांवर एक खाच पाडलेली होती. काठी झाडाला लावायची आणि खाचेपाशी पट्टी गुंडाळायची. घेर तीस सेंटिमीटर भरला तर झाड. कमी भरला तर रोप, ते मोजायचं नाही. आणि खोड खाचेच्या खालीच दुभंगलं असेल तर ते एक झाड नाही, दोन.

गावाकडून सुरुवात केली. पहिल्याच वळणावर एक कोवळा धावडा होता. एकोणतीस भरला.

"नाबालिक आहे, सोडा याले," सुखराम म्हणाला.

दिवस कलायला आला तेव्हा ते नाल्यापाशी पोचले. चौऱ्याहत्तर झाली होती. शेवटी उरला एक जुना साज, म्हणजे ऐनाचं झाड, बुंधा एक आणि वर दोन मोठ्या फांद्या.

"पंचाहत्तर!" सुखरामनं टोपी काढून घाम पुसला. "जमलं. आता मावशीले मोटारीत बसवून आनू."

हेमराजनं काठी लावली. मग वाकून पुन्हा पाहिलं.

"हे दोन आहेत," तो म्हणाला.

"दोन कसे? बूड तं एक आहे."

"खाचेच्या खाली फुटलं. दोन बोटं खाली."

"अगा पावने, जुळे पोट्टे झाले म्हनून माय दोन होतेत का?"

घनश्यामनं डबा खाली ठेवला. "भाऊ, एकडाव अजून पाहा ना."

हेमराजनं तिसऱ्यांदा काठी लावली. दोन बोटं. त्यानं ब्रश घेतला आणि एका फांदीवर पंचाहत्तर, दुसरीवर शहात्तर लिहिलं.

"तुमची बहीन देली आहे या गावात," सुखराम म्हणाला. "परका असता तं एकच मोजलं असतं."

"परका असता तं तुम्ही त्याले कोंबडी चारली असती. मले कोन चारते?"

सुखराम हसला, पण पट्टी गुंडाळताना त्यानं वर पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी कुंताबाईनं भावाला ताट वाढलं. घरात सगळ्यांना आकडा कळला होता. तिनं एवढंच विचारलं, "जे दिसलं तेच लिहिलं ना?"

"हव."

"मंग जेव."

फाईल नागपूरला गेली. होळीच्या सुमारास कुंताबाईची सूज पायावरून तोंडावर आली, आणि साकोलीच्या दवाखान्यात सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. दर तीन दिवसांनी यंत्रावर रक्त धुवावं लागेल. उन्हाळाभर घनश्यामनं तिला मोटरसायकलवर नेलं-आणलं. येताना मागं धरून बसायचं बळ तिच्यात उरत नसे. तो तिला दुपट्ट्यानं आपल्या कमरेशी बांधून आणायचा. पावसाळ्यात नाला भरला आणि तेही थांबलं. मग ती साकोलीत हेमराजच्या खोलीवर राहायला आली.

खोली दोन खणांची. हेमराजची बायको शोभा नणंदेचं सगळं करायची, पथ्याचं वेगळं शिजवायची, तोंड कधी वाकडं केलं नाही. पण कुंताबाईचा जीव रमेना. ती खिडकीतून महामार्गावरचे ट्रक बघे आणि घरच्या धानाच्या लावणीचं विचारत राही.

"रोवनी लागली असंल ना रे आता?"

"लागली."

"माह्या बांधीत कोन रोवते?"

"रोवतेत बाया. तू पड."

"पडूनच तं आहो बापा. रस्ता असता तं दवाखान्यातून आटोनं घरी गेली असती. घरी पडली असती."

ती हे रागानं म्हणत नसे. म्हणून हेमराजला तिथं बसवत नसे.

श्रावणात एकदा न्हाणीत जाताना तिनं आधाराला हेमराजची काठी घेतली आणि फरशीवर ती घसरली. पडता पडता वाचली. "हे लोखंड काढ याचं, मारतं मले," ती म्हणाली. काठीच्या खालच्या टोकाला शेंबी होती, लोखंडाचं टोपण. लाकूड उकलायला लागलं म्हणून रक्षाच्या लग्नाआधी हेमराजनं ती लोहाराकडून बसवून घेतली होती. त्यानं ठोकून ठोकून ती काढली. शेंबी हातात आली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. लाकूड तिच्यात पूर्ण शिरलंच नव्हतं. खाली तीन बोटं नुसतं लोखंड होतं.

त्यानं पेटीतून पट्टी काढली. नुसती काठी लावली तर खाच बरोबर साडेचार फुटांवर. शेंबी बसवली की तीन बोटं वर. साजाचा फाटा खाचेच्या दोन बोटं खाली दिसला होता. म्हणजे खरं तर तो खाचेच्या वर होता, एक बोट. झाड एकच होतं.

तो भिंतीला टेकून खाली बसला.

"काय झालं?" कुंताबाईनं विचारलं.

"बाई, माही मोजनी चुकली होती." त्यानं सगळं सांगितलं.

तिनं शेंबी हातात घेतली, फिरवून पाहिली. "एवढुशानं?"

"हव."

तिनं ती आपल्या तीन बोटांना लावून पाहिली. मग तिला हसू आलं, आणि हसताना धाप लागली. "गधा! दुनियेची झाडं मोजली जलमभर, कोनाचं एक जास्त लिहिलं नाही. अन् मोजून मोजून माह्याच गावचं जास्त लिहिलं!"

"साहेबाले सांगतो."

"तुह्यावर येईल ना?"

"येईल तं येईल. दीड वर्ष राहिलं नोकरीचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. चार ओळींना दुपार गेली. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"कापगते, कोणी विचारलं नव्हतं तुम्हाला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

"पाय माहाच आहे, साहेब."

नोटीस आली, तिच्यावर त्यानं सही केली. रस्त्याची फाईल परत मागवली गेली. फेरमोजणी व्हायची ती पावसाळा संपल्यावर, वनपालासमोर, पंचनाम्यासह. पुढं निवडणुकीचं काम निघालं, मग धानाचा हंगाम. तारीख लागली ती संक्रांत उलटून गेल्यावर.

त्या सकाळी कुंताबाईला उठून बसवत नव्हतं. हेमराज निघाला तेव्हा तिनं हाक मारली. "नीट मोजजो. गावाकडं पाहू नको, माह्याकडं पाहू नको. झाडाकडं पाहाजो."

या वेळी जीपनं त्यांना नाल्यावर सोडलं, म्हणून मोजणी तिकडूनच सुरू झाली. पहिलाच साज. बिनशेंबीची काठी लावली. फाटा खाचेच्या वर, एक बोट. वनपालानं वाकून पाहिलं आणि लिहिलं, एक. सुखरामनं साजाच्या बुंध्यावर थाप मारली. घनश्याम डबा घेऊन पुढं पुढं चालत होता, दोन वर्षांत असा चालला नव्हता. आकडे चढत गेले. गावाचं वळण आलं तेव्हा पंचाहत्तर झाली होती आणि मोजायचं काही उरलं नव्हतं.

वळणावर धावडा होता.

हेमराजनं काठी लावली, पट्टी गुंडाळली. मग सोडून पुन्हा गुंडाळली. वर्षभराची वाढ होती, आणि मापही आता तीन बोटं खाली, जाड भागावर उतरलं होतं.

"साडेतीस," तो म्हणाला.

"हा तं नाबालिक होता ना!" सुखराम म्हणाला.

"वाढला."

"आधी सांगितलं असतं तं बकऱ्याईले चारला असता."

कोणी हसलं नाही. वनपाल भला माणूस होता. त्यानं पेन कागदावरून उचललं, इकडेतिकडे पाहिलं. "कापगते, पट्टी जरा आवळून धरा. अर्ध्या सेंटिमीटरचं काय एवढं? तुम्ही एकोणतीस म्हणा, मी एकोणतीस लिहितो."

हेमराजनं घनश्यामकडे पाहिलं. घनश्याम ब्रशवरचा रंग डब्याच्या काठाला निपटत होता, निपटतच होता.

हेमराजनं पट्टी आवळली. आवळूनही माप तीसच्या खाली जाईना. जाईल एवढी त्याला आवळता आली नाही.

"लिहा जी," तो म्हणाला. "शहात्तर."

ब्रश घेण्यासाठी त्यानं हात पुढं केला. घनश्यामनं दिला नाही. त्यानं स्वतःच धावड्यावर आकडा काढला, वाकडातिकडा.

साकोलीला दोघं अंधार पडायच्या आत पोचले. कुंताबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं कूस बदलली.

"किती भरली?"

हेमराज पायांवर पाणी घेत होता. तांब्या त्यानं खाली ठेवला.

"पंचाहत्तर," तो म्हणाला.

ती नवऱ्याकडे वळली. "खरंच का हो?"

घनश्याम दारातच उकिडवा बसला होता. दुपट्ट्याची गाठ सोडायला त्याला वेळ लागला. "मीच तं डबा धरून होतो," तो म्हणाला.

"हेमराज म्हनलाच होता, झाड एकच आहे ते." ती उशीवर जरा वर सरकली. "मंग रोवनीपर्यंत होईल?"

"होईल."

"मागची खोली सारवून ठेवा. अन् गायीचं दावं बदला, लहान झालं असंल. साज तुटंल ना हेमराज?"

"तुटंल."

"तुटू दे बिचारा. जुना होता."

त्यानंतर ती भेटेल त्याला सांगे. यंत्रावर बसवणाऱ्या नर्सबाईला, ऑटोवाल्याला, शेजारणीला. रोवणीला मी घरी असेन. आमच्या गावाला रस्ता होतोय, माझ्या भावानं मोजून दिला. भेटायला आलेल्या रक्षालाही तिनं तेच सांगितलं. रक्षाच्या कानावर सासरी काही वेगळंच आलं होतं. तिनं मामाला बाहेर ओट्यावर गाठलं.

"मामा, खरं आहे का हे?"

"तिच्यासमोर खरं आहे," हेमराज म्हणाला. "तूही तसंच बोलजो."

रक्षा आत गेली आणि आईच्या पायथ्याशी बसून, ऑटो दारापर्यंत येईल की फक्त चावडीपर्यंत, यावर तिच्याशी भांडत राहिली.

कुंताबाई घनश्याम लंजे, राहणार बेहडाटोला, माघ पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तेरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला सकाळी साकोलीत भावाच्या खोलीवर वारली. वय एकसष्ट. फाईल त्या दिवशी नागपुरात होती.