सात मऊ, सात कडक

एलिनोरचं निमंत्रण पत्रपेटीतून आलं, तेव्हा दाग्नीनं ते दोनदा उलटून पाहिलं. चाळीस वर्षं दोघींची घरं समोरासमोर, मधे एक ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता. एवढ्या वर्षांत एलिनोरनं तिला कधी कार्ड धाडलं नव्हतं. खिडकी उघडून ओरडायची, "अगं, शनिवारी ये गं, आणि केक विसरलीस तर दारातून परत पाठवीन!" झालं निमंत्रण. आता मात्र दुकानातून आणलेलं, कडेला सोनेरी रेघ असलेलं कार्ड. शनिवारी दुपारी दोन वाजता, निरोपाची कॉफी. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

असं कार्ड माणूस दाताच्या डॉक्टरला धाडतं. दाग्नीनं ते फ्रीजवर लावलं, मग काढलं, मग ड्रॉवरमध्ये टाकलं. रविवारी एलिनोर घर सोडून कोपनहेगनला मुलाकडे कायमची राहायला जाणार होती. दाग्नीला तिच्याकडे जायचं होतं, अगदी जीव तुटत होता. आणि जायची भीती वाटत होती.

चूक दाग्नीचीच होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जानेवारीत रक्तातली साखर वाढलेली निघाली आणि आरोग्य केंद्रातल्या सिग्ने नावाच्या नर्सनं तिच्या फोनमध्ये मोजणीचं अ‍ॅप घालून दिलं. दिवसाला चौदाशे कॅलरी. बटर लावलेली पावाची चकती तोलायची, लिहायची, मग खायची. दाग्नी एकदा कशाच्या मागे लागली की सोडणारी बाई नव्हे. दहा महिन्यांत तेरा किलो उतरले. नवरा लोरेन्स बिचारा तिच्यासमोर खायची चोरी म्हणून गॅरेजमध्ये उभ्याउभ्या सॉसेज खाऊ लागला, आणि ती तेरा किलो उतरली तसे त्याचे चार चढले.

पण आमच्याकडच्या कॉफीला या मोजणीचा काय उपयोग? इथे डेन्मार्कात, जर्मनीच्या हद्दीलगतच्या गावांत कॉफीला बोलावलं म्हणजे टेबलावर चौदा प्रकार आलेच. सात मऊ, सात कडक. आधी बटर लावलेले बन, मग गोड पाव, मग क्रीमचे केक, आणि शेवटी बिस्किटांची रांग. प्रत्येकातलं थोडं तरी घ्यावं लागतं. एक जरी प्रकार पाहुण्यानं चुकवला तरी यजमानीणबाई काही बोलत नाही, पण वर्षभर लक्षात ठेवते.

म्हणून दाग्नी जाईनाशी झाली. फेब्रुवारीत पोट बिघडलं, एप्रिलमध्ये गुडघा दुखला, ऑगस्टमध्ये मुलगी आली आहे म्हणाली. समोरच्या घरातून तिचं अंगण पूर्ण दिसतं आणि त्या शनिवारी अंगणात मुलीची गाडी नव्हती, हे दाग्नीच्या नंतर लक्षात आलं. त्यानंतर समोरची खिडकी उघडली नाही. खरं सांगायचं तर कितीदा तरी तिनं रस्ता ओलांडायचं ठरवलं होतं. पण सांगणार काय? तुझ्या केकची भीती वाटते म्हणून? साठी उलटलेल्या बाईनं असं बोलायचं?

भीती मात्र खोटी नव्हती. याआधी तीनदा तिनं वजन उतरवलं होतं आणि तिन्ही वेळा एकाच दिवसानं घात केला होता. एकदा मुलीच्या लग्नानं, एकदा ईस्टरनं, एकदा नुसत्याच एका वाढदिवसानं. त्या दिवशी पोट फुटेस्तोवर खायचं, दुसऱ्या दिवशी लाजेनं उपाशी राहायचं, संध्याकाळी भुकेनं वेडं होऊन उरलेलं सगळं संपवायचं, आणि मग आता मोडलंच आहे तर मोडलं म्हणून वसंतापर्यंत कुणाला तोंड दाखवायचं नाही.

"एखाद्या दिवशी जास्त खाल्लं जाणारच," सिग्नेनं तिला बजावलं होतं. "त्यानं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय करता त्यावर सगळं आहे. उपास करायचा नाही. वजनकाट्यावर चढायचं नाही. रोजचा नाश्ता रोजच्या वेळेला. आणि खाल्लं असेल ते सगळं लिहायचं, मनातल्या मनात माफ करून टाकायचं नाही."

दाग्नीनं आठवडाभर रोज दोनशे वाचवले. म्हणजे शनिवारसाठी बाराशे वरचे. चौदा प्रकारांतलं प्रत्येकी अर्धं घेतलं तर एकोणीसशे होतात, असा हिशेब तिनं कागदावर मांडला. सकाळी फक्त दोन उकडलेली अंडी. निळा ड्रेस काढला, तो आता पोत्यासारखा लोंबत होता, त्याला पट्टा बांधला आणि रस्ता ओलांडला.

दाग्नीला धरून टेबलाभोवती आठ पाहुण्या होत्या. एलिनोरनं दारात तिच्याशी हात मिळवला. हात! एरवी ती मिठी मारून वर पाठीत धपाटा घालायची. "ये, दाग्नी. बस," एवढंच म्हणाली आणि कॉफी ओतायला वळली.

"काय गं, ड्रेस मोठा झाला की तू लहान झालीस?" बोटिला म्हणाली. बोटिला गावातली सगळ्यात तिखट जिभेची बाई, दुधाच्या डेअरीमागे राहते. "आजारीबिजारी नाहीस ना?"

"ठणठणीत आहे."

"मग अर्धाच बन का घेतलास? आमच्याकडे अर्धा बन फक्त उंदीर खातात."

सगळ्या हसल्या. दाग्नीही हसली. एलिनोर हसली नाही. तिनं त्या अर्ध्या बनकडे पाहिलं आणि नजर वळवली. दाग्नीला वाटलं, आत्ता उठावं आणि सगळं सांगून टाकावं. पण सात जणींसमोर कसं सांगायचं? ती मुकाट्यानं अर्धं अर्धं घेत राहिली. मनात आकडे चालूच होते: शंभर, एकशे सत्तर, दोनशे. दालचिनीच्या गोड पावाची चव काय होती, हे नंतर विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

तेरा झाले. चौदावा प्रकार एलिनोरनं स्वयंपाकघरातून स्वतः उचलून आणला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. काळ्या पावाच्या चुऱ्याचा केक, मधे आंबट जाम, वर क्रीम. तो एका बाजूला बसला होता. क्रीम ताटलीत उतरलं होतं.

"हा केक आहे की याला अपघात झालाय?" बोटिलानं विचारलं.

एलिनोर लाल झाली. "दाग्नी करायची तसाच करायला गेले. तिच्या आईची कृती मला माहीत नाही. फेब्रुवारीपासून करतेय. ही अकरावी वेळ."

तो केक या टेबलावर नेहमी दाग्नी आणायची. चाळीस वर्षं, दर वेळी. तेरा प्रकार एलिनोरचे आणि चौदावा तिचा. आणि ही बाई समोरच्या घरात बसून अकरा वेळा तो केक करत होती, अकरा वेळा तो बसत होता, आणि दाग्नी रस्त्यापलीकडे पाव तोलत बसली होती. तिनं ताटली पुढे केली.

"मला घाल. अख्खा तुकडा."

केक वाईट होता. पावाचा चुरा भाजलाच नव्हता, त्यामुळे लगदा झाला होता, आणि जाम भलतंच पातळ होतं. बाकीच्या बायकांनी चमच्याच्या टोकाला लावून कौतुक केलं. दाग्नीनं तुकडा संपवला आणि पुन्हा ताटली पुढे केली.

"अजून?" एलिनोरनं विचारलं. चेहरा तसाच ताठ होता, पण आवाज हलला.

"अजून."

दुसऱ्या तुकड्याला तिला आकडा माहीत होता. तिसऱ्यालाही होता. चौथ्याला तिनं मोजायचं सोडलं. बोटिला तिच्याकडे बघत राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा तिची बोलती बंद झाली.

नंतर दोघींना एकांत मिळेल असं दाग्नीला वाटलं होतं. पण रीतीप्रमाणे सगळ्या आठ जणी ताटल्या पुसायला स्वयंपाकघरात घुसल्या, खोक्यांच्या आणि कागदांच्या गर्दीत एकमेकींच्या पायांवर पाय देत. निघताना एलिनोरनं उरलेला अर्धा केक डब्यात घालून तिच्या हातात दिला. "तुला आवडला म्हणून," ती म्हणाली. मागे बोटिला उभी होती. दाग्नी "थँक यू" म्हणाली आणि घरी आली. जे सांगायला गेली होती ते तसंच पोटात राहिलं, वर चार तुकडे.

सकाळी उठली तर अंगठी बोटात रुतली होती. डोळे उघडल्या उघडल्या ती जुनी लाज येऊन उशाशी बसलेली. गेलं सगळं. दहा महिने गेले. आज काही खायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. एलिनोरला खिडकीतूनच हात करू, फोन नंतर करता येईल. हे सगळं तिनं अंथरुणात ठरवूनसुद्धा टाकलं. मग स्वयंपाकघरात आली, तर डबा समोरच. आणि तिच्या लक्षात आलं, की हा केक आज दिवसभर घरात राहिला तर ती तो संपवणार. चवीसाठी नाहीच. एलिनोरच्या हातचं घरात तेवढंच उरणार होतं म्हणून.

लोरेन्स कॉफी घेऊन आला.

"काल किती खाल्लंस?"

"चार तुकडे."

"एवढा चांगला झाला होता?"

"भयंकर झाला होता."

"मग?"

"एलिनोरनं केला होता," ती म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या रडली. लोरेन्सला रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते कधीच कळलेलं नाही. त्यानं डबा उचलला. "हा मी गॅरेजमध्ये नेतो," तो म्हणाला. त्याच्या परीनं त्यानं बरंच केलं.

दाग्नीनं डोळे पुसले आणि ओट्स तोलले. चाळीस ग्रॅम. दूध, अर्धं सफरचंद. भूक अजिबात नव्हती, तरी बसून खाल्ले. मग फोन घेतला आणि कालच्या दिवसात सगळं एकेक करून घातलं, चौथ्या तुकड्यासकट. चार हजार एकशे चाळीस. आकडा लाल झाला. ती त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. जगात दुसरं काही घडलं नाही. बाहेर एलिनोरच्या दाराशी उभ्या ट्रकमध्ये शेवटचं सामान चढत होतं. दाग्नीनं कोट चढवला.

समोरचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात टेबल नव्हतं, खुर्च्या नव्हत्या, भिंतीवर घड्याळाच्या जागी एक फिकट गोल उरला होता. एलिनोर मधोमध उभी होती. दाग्नीला पाहून ती एकदम गडबडली.

"अगं, तू आलीस! आणि तुला द्यायला काही नाहीये. कप गेले, किटली गेली. बिस्किटांचा डबासुद्धा ट्रकमध्ये खालीच…"

"नको काही. बस."

"कशावर?"

मागच्या दाराच्या पायरीवर दोघी बसल्या. समोर ओली सपाट कुरणं, त्यात हंसांचा एक थवा चरत होता. एलिनोरचे हात मांडीवर नुसतेच फिरत होते. काहीतरी वाढायला हवं, ओतायला हवं, अशी त्यांची सवय.

"ऑगस्टमध्ये मुलगी आली नव्हती," दाग्नी म्हणाली.

"माहीत आहे."

"पोटही बिघडलं नव्हतं. मी खाणं मोजत होते गं. साखर वाढली होती. तुझ्याकडे आले असते तर… मला स्वतःचा भरवसा नव्हता."

एलिनोरनं फिरणारे हात मांडीवर दाबून धरले. "मला वाटलं, मी तुला नकोशी झाले. काय बोलले, कधी बोलले, आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. अगं, नुसतं येऊन बसायचंस! काळी कॉफी दिली असती."

"दिली असतीस? नुसती?"

एलिनोरनं मनापासून विचार केला. "नाही," ती म्हणाली. "दोन बन तरी सरकवले असते."

"आणि मी ते न खाता उठले असते तर?"

"तर मी मेलेच असते."

दोघींना हसू फुटलं. असं हसू की एलिनोरनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो धपाटा बसल्यावर दाग्नीला कळलं की वर्षभर आपल्याला कशाची भूक लागली होती. पाव तोलताना, आकडे लिहिताना, रात्री पोट भरलेलं असूनही काहीतरी हवंहवंसं वाटायचं. ते हे होतं. ते आता तीनशे किलोमीटर लांब जाणार होतं.

"चुरा भाजायचा असतो," ती म्हणाली. "बटरमध्ये, मंद आचेवर."

"हे आता सांगतेस!"

मग त्या बोलत बसल्या. एलिनोरच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल, दाग्नीच्या मुलीबद्दल, कोपनहेगनच्या तळमजल्यावरच्या घरात झोप लागेल का याबद्दल. चाळीस वर्षांत त्या अशा कधी बसल्या नव्हत्या. नेहमी मधे काहीतरी असायचं. एकीनं वाढायचं, दुसरीनं वाखाणायचं, "घे ना", "नको गं", "घे की थोडं", आणि त्यातच दुपार सरायची. आज दोघींच्या मधे काहीच नव्हतं. दाग्नीला वाटलं, हे आपल्याला रोज करता आलं असतं. ती फक्त रस्त्यापलीकडे होती.

एलिनोरचा मुलगा आस्गर दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला होता. तिसऱ्यांदा तो चाव्या वाजवत दारात उभा राहिला. "आई, चल ना. तिकडे माणसं सामान उतरवायला थांबलीयेत."

एलिनोरनं दाग्नीचा हात धरला आणि मान न वळवताच म्हणाली, "थांब रे जरा. ही आत्ता तर आलीये."