आतोबांचं कुरणफूल

लिफ्ट तपासनीस म्हणून नोकरी केलेला माणूस निवृत्त झाला की त्याने शांत बसावं, अशी घरच्यांची माफक अपेक्षा असते. आतोबा शांत बसले नाहीत. त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि त्या गुडघ्याने अख्ख्या गल्लीची वाट लावली.

त्यांना सगळेच आतोबा म्हणत. घरात भाचरांचा राबता फार, त्यांचं ऐकून शेजारीही म्हणू लागले. त्याच न्यायाने त्यांची बायको सगळ्यांची आत्या. आत्याच्या हृदयाची झडप बदललेली होती, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला रोज घ्यावी लागे. जिभेवर मात्र तिच्या कुठल्याच गोळीचा परिणाम झालेला नव्हता.

गुडघ्यापायी आतोबा वनौषधींच्या एका शिबिराला गेले. शनिवारी विद्यार्थी होते, रविवारी संध्याकाळी वैद्य होऊन परतले. ओढ्याकाठच्या कुरणात दरवर्षी मलईच्या रंगाची, बदामासारख्या वासाची झुपकेदार फुलं येत. ती पूर्वीपासून ताप, सांधेदुखी, पोटातली जळजळ यांवर वापरतात, असं शिबिरात सांगितलं होतं. त्यापुढेही शिकवणाऱ्या बाईंनी बरंच काही सांगितलं, पण तेव्हा चहाची सुट्टी जवळ आली होती. फुलाला शास्त्रीय नावही होतं. ते आतोबांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याला ‘कुरणफूल’ करून टाकलं.

मग घरात फुलंच फुलं. पलंगावर फुलं, इस्त्रीच्या टेबलावर फुलं, कपडे वाळत घालायच्या घोडीवर फुलं.

“मी झोपू कुठे?” आत्याने विचारलं.

“निसर्गाच्या कुशीत,” आतोबा म्हणाले.

लोक काढ्याच्या पुड्या न्यायला येऊ लागले. ज्या माणसाने लिफ्टच्या दोरखंडाची एक तार उसवलेली दिसली म्हणून आठ मजल्यांची इमारत जिन्याने चढायला लावली होती, तो आता कुणालाही एक शब्द न विचारता पुडी देत होता. काही त्रास होणार नाही ना, असं कुणी भीतभीत विचारलंच, तर ठरलेलं उत्तर होतं, “फूल आहे हो! फुलाने कधी कुणाचं वाईट केलंय?” आणि त्रास झालाच तर? “दोन दिवस वाढतो, मग उतरतो. विष बाहेर पडतं.” यात वैद्य चुकायची सोयच नव्हती.

आत्या सुरुवातीला बधली नाही. “माझी गोळी चालू आहे.”

“असू दे की. गोळीची वेळ वेगळी, काढ्याची वेगळी.”

शेवटी तिचं मनगट दुखायला लागलं आणि हट्ट सैल झाला. महिनाभर ती सकाळ-संध्याकाळ काढा पीत होती. मनगटाचं दुखणं थांबलं. आतोबांची छाती फुगली.

मग तिची दाढ काढायची वेळ आली. दंतवैद्यबाई काळजीवाल्या होत्या. “काही औषधं चालू आहेत?” त्यांनी विचारलं. आत्याने गोळीचं सांगितलं. रक्ताची तपासणी काढा सुरू व्हायच्या आधीच झाली होती, ठीक होती. काढ्याचं मात्र ती बोलली नाही. विचारलं होतं औषधाबद्दल, आणि हे तर फूल.

दाढ निघाली. रक्त थांबेना. बोळा बदलला, पुन्हा बदलला, टाके घातले, तरी थांबेना.

बाहेर बाकावर आतोबा अर्थातच रिकामे बसले नव्हते. गाल सुजलेल्या एका गृहस्थाला त्यांनी पिशवीतून पुडी काढून दिली होती. “भूल-बिल काही लागत नाही. उकळा आणि प्या,” असं समजावत असतानाच दार उघडलं. दंतवैद्यबाईंच्या हातमोज्यांवर रक्त होतं.

“या गोळीशिवाय आणखी काय घेतात त्या?”

“काही नाही. फक्त फुलांचा काढा.”

“फक्त?” बाईंनी आतोबांच्या पिशवीतली एक पुडी हिसकावली, वास घेतला. “यात ॲस्पिरिनच्या जातीचं द्रव्य असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर हे? चला, आधी हॉस्पिटल.”

गाल सुजलेले गृहस्थ तोवर पुडी बाकावर ठेवून दूरच्या खुर्चीत जाऊन बसले होते.

हॉस्पिटलात रक्त आटोक्यात आलं, पण आत्याला ठेवून घेतलं. आतोबा उशाशी बसले. तोंडात बोळा असल्यामुळे आत्याला बोलता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून एवढी शांतता त्यांना पहिल्यांदाच मिळाली आणि ती त्यांना सोसवेना. “काहीतरी बोल ना,” ते म्हणाले, आणि त्यांचेच डोळे भरले. आत्याने नुसतं त्यांच्या हातावर थोपटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते पुड्या परत मागायला निघाले. देताना जे सोपं गेलं होतं ते घेताना भलतंच जड झालं. एकीने दार लावून घेतलं. एकजण म्हणाला, “आता गुण यायला लागला तर काढून घेताय होय?” कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे मात्र आतोबा दारातच थांबले. जुना दमेकरी माणूस, मशीनवर ओणवा होऊन धापा टाकत होता. छातीतून शिट्टी ऐकू येत होती.

“कधीपासून हे?”

“काढा सुरू केल्यापासून,” शिंपी समाधानाने म्हणाला. “विष बाहेर पडतंय. त्रास वाढला म्हणून मी डोसही वाढवला.”

“बंद करा. चला माझ्याबरोबर डॉक्टरकडे.”

“पण तुम्हीच तर म्हणाला होतात...”

“मला काही माहीत नव्हतं हो!” आतोबा ओरडले. “दम्याचं मी विचारलंसुद्धा नाही तुम्हाला.”

शिंप्याने गळ्यातली टेप काढली. “पण किती ठामपणे सांगितलंत!”

“ठामपणाच होता माझ्याकडे. बाकी काही नव्हतं.”

त्यांनी शिंप्याला जवळजवळ ओढत नेलं. डॉक्टरांनी दम्याचा फवारा दिला, ॲस्पिरिनच्या जातीच्या द्रव्याने काहींचा दमा उसळतो असं सांगून काढा बंद करवला आणि आतोबांकडे असं पाहिलं की ते गुडघा विसरले.

आठवड्याने आत्या घरी होती, गाल अजून थोडा सुजलेला. फुलं सगळी खताच्या खड्ड्यात गेली होती. तेवढ्यात शिंपी आला. जिना चढूनही त्याचा श्वास लागला नव्हता. हातात आतोबांसाठी शिवलेला नवा सदरा होता.

“छाती एकदम मोकळी!” तो म्हणाला. “बघा, उशिरा का होईना, काढा लागू पडला.”

आतोबांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.

“सांगा, सांगा,” आत्या पलंगावरून म्हणाली. “पण आधी सदरा घालून बघा. नंतर तो देईल की नाही, शंकाच आहे.”