पाण्याचा रकाना

मिनिट ०

दुपारी बारा चाळीस. दृश्य एक्केचाळीस, टेक पहिला.
कपडे: पांढरा बनियन, कमरेला चौकड्यांचा रुमाल. हात रिकामे.
पाणी: घोटा.

मी कंटिन्युइटीची वही लिहिते. कुणी काय घातलं होतं, पाणी कुठवर होतं, सगळं टिपून ठेवायचं, म्हणजे दोन तुकडे जोडताना चूक दिसत नाही. आमचे दिग्दर्शक विश्वजीत सर, त्यांच्या सिनेमात तुकडे नसतातच, दृश्य सलग चालतं. तरी वही लागते.

कमळाकर काका नट नाहीत. पनवेलच्या खाडीला लागून त्यांचं मिठागर होतं, बांधांनी आखलेल्या कोंड्यांचं, म्हणजे मीठ पिकवायच्या चौकोनी वाफ्यांचं. आता त्यातल्या अर्ध्यावर कंटेनर यार्ड आहे आणि अर्ध्यात नुसतं पाणी. दृश्य एवढंच की एक म्हातारा बांधावरून उतरतो आणि आपलं मिठागर होतं तिथवर चालत जातो. मागे वळत नाही.

“पोट आत घ्या जरा,” बांधावरून भामाकाकी ओरडली. ती त्यांची बायको. “शिनेमा हाय. लोकं बोलतील, बायकोनं लय खाऊ घातला.”

“गप गं,” काका म्हणाले आणि उतरले.

मिनिट २

पाणी: पोटरी.

सरांचं म्हणणं मला पाठ आहे. टीव्ही मालिकांची नोकरी मी ते ऐकूनच सोडली. ‘आपण कट करतो तो प्रेक्षकासाठी नाही, स्वतःसाठी. पुढे काय दिसेल याची धास्ती वाटते म्हणून. सिनेमाकडे स्वतःची अशी एकच गोष्ट आहे, वेळ. ती कापली की राहतं ते नाटक.’

काल चहाच्या वेळी ते काकांना म्हणाले, “दृश्य संपवणारा मी कोण? त्यातल्या माणसाने ते संपवावं.”

“म्हंजे मी ठरवायचा?”

“तुम्हीच, काका.”

काकांनी बशीतला चहा संपवला. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल.

मिनिट ५

पाणी: मांडी.

इतक्यात मांडी?

मी पान मागे उलटलं. हे शूटिंग नऊ दिवसांपूर्वी, अष्टमीला व्हायचं होतं. त्या सुमाराला खाडी सुस्त असते, पाणी फार चढत नाही. इथे त्याला भांग म्हणतात. मग कॅमेरा चालवणाऱ्या निनादला डेंग्यू झाला आणि तारीख पुढे गेली. मी वहीत नवी तारीख घातली. खालचं सगळं जसंच्या तसं उतरवलं. ‘भांग. जास्तीत जास्त मांडी. होडीची गरज नाही.’

माझ्याच अक्षरात.

“काकी, आज तिथी कुठली?”

“बीज.” तिने खाडीकडे बघितलं. “उधान हाय ना आज. दीडला भरती.”

“मग पाणी...”

“त्यांना म्हाईत हाय की. त्यांना कॅलेंडर लागत नाय.”

हे बोलताना ती हसत होती. मग हसायची थांबली.

मिनिट ७

पाणी: कंबर. (कमरेच्या वर?)

आमच्या धंद्यात ‘कट’ हा शब्द फक्त दिग्दर्शकाचा. दुसऱ्या कुणी उच्चारला तर त्याने सामान बांधावं. मी सरांच्या जवळ गेले. ते मॉनिटरसमोर वाकून बसले होते आणि कुजबुजत होते, “बघ, अंतर बघ. आता तो चालत नाहीये, त्याला नेलं जातंय.”

“सर, उधाण आहे. माझी चूक झाली.”

“श्श.”

“सर, होडी नाही आपल्याकडे.”

त्यांनी वर बघितलं. मॉनिटरवरून नजर काढून खऱ्या खाडीकडे बघितलं. मॉनिटरमध्ये काका अंगठ्याएवढे तरी दिसत होते. खाडीत फक्त एक ठिपका होता.

मी ओरडले. “कट!”

बांधावरची पंधरा माणसं माझ्याकडे वळली. काका वळले नाहीत.

मिनिट ८

माझा आवाज त्यांना ओळखीचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सरांचा ऐकला की थांबतील.

सर उभे राहिले. भोंगा तोंडाला लावला. “कट! काका, कट! झालं, या परत!”

पाणी: छाती.

“कमळाकर काका! कट!”

भोंग्याचा आवाज कंटेनरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. कट, कट. काका चालतच होते. शांतपणे, शेतावर निघाल्यासारखे.

सरांच्या हातून भोंगा पडला. एवढी वर्षं धास्तीवर बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा घाबरलेला बघितला. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. निनादने कॅमेरा बंद केला नव्हता, कारण त्याचे हात हलत नव्हते.

मिनिट ९

पाणी:

दोघे स्पॉटबॉय काकांची वाट सोडून मधूनच धावत उतरले आणि दहा पावलांत गाळात रुतले.

“तिकडनं नको!” काकी किंचाळली. “तिथं नुस्ता गाळ हाय!”

ती उजवीकडे पळाली, जिथे काहीच नव्हतं, नुसतं पाणी. साडी वर खोचली आणि उतरली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंतच आलं. ती बुडत कशी नाही, मला कळेना. मग समजलं. खाली मिठागराचा जुना बांध होता, अजून शाबूत. चाळीस वर्षं डोक्यावर मीठ घेऊन ती त्यावरून चालली होती. न दिसणाऱ्या त्या वाटेवरून ती पळत सुटली. एकदा डावीकडे काटकोनात वळली, मग सरळ.

तिने नवऱ्याला हाक मारली नाही. ती त्याच्यापुढे गेली.

पाणी:

पाणी:

काकांचं फक्त डोकं दिसत होतं. मग तेही दिसेना. मग काकी वाकली, दोन्ही हात पाण्यात घालून.

दुपारी एक वीस

काका बांधावर बसलेत. अंगावर निनादचं जॅकेट. दात वाजतायत. काकीने त्यांचं मनगट धरलंय.

मी समोर बसले. “काका, चूक माझी. मी भरती बघितली नाही. तुम्हाला आमचा आवाज ऐकू आला नाही का?”

“आला.”

“सरांचा?”

“तुजा पन. पयलाच आला.”

सर दोन पावलांवर उभे होते. ते तसेच खाली बसले, खाडीकडे पाठ करून.

“मग थांबला का नाहीत?”

काकांनी खाडीकडे बघितलं. खरं उत्तर शोधत होते, हे दिसत होतं आणि तेच ऐकायची मला भीती वाटत होती.

“पायाला आमची कोंडी लागली,” ते म्हणाले. “खालची जमीन. तशीच हाय. मंग बरा वाटाया लागला.”



“घरी चला,” काकी म्हणाली. पण उठली नाही.

चहा आला. काकांनी उजवा हात पुढे केला. तोच तिने धरलेला होता आणि तिने तो सोडला नाही. कप तिने आपल्या दुसऱ्या हातात घेतला, त्यांच्या ओठांना लावला. अर्धा चहा त्यांच्या छातीवर सांडला. तरी ती कप तसाच धरून होती.