खोडलेले आकडे

काटा पंचाहत्तर आणि साडेपंचाहत्तरच्या मधल्या बारीक रेघेवर थरथरला, जरा मागे सरला, पुन्हा पुढे आला आणि थांबला... थांबला कसला, अडून बसला. ती खाली वाकून बघत राहिली. वाकल्यामुळे काटा पुन्हा हलला, मग ती ताठ झाली, श्वास धरला आणि नजर तेवढी खाली सोडली. पंचाहत्तर-चारशे. खाली उतरली, काट्याला शून्यावर येऊ दिलं, पुन्हा चढली. पंचाहत्तर-सहाशे. तिसऱ्यांदा चढली तेव्हा काटा एकदम त्र्याहत्तर-आठशेवर गेला आणि तिला त्याचा रागच आला, थट्टा करणाऱ्या माणसाचा यावा तसा. तिनं कपाटावरची निळी वही घेतली, तीन आकडे लिहिले, तिसऱ्यावर आडवी रेघ मारली आणि चौथ्यांदा चढली. पंचाहत्तर-पाचशे. हे बरोबर. म्हणजे बरोबर कुठलं, हेच तर चुकतंय सगळं!

वजनकाटे तपासायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला एकदाच वजन करून गप्प बसता येत नाही. तीनदा तोलायचं, दोन जुळले आणि एक फटकून राहिला तर तो खोडायचा, पुन्हा तोलायचं. हाताला लागलेली सवय घरच्या काट्यालाही लागू झाली होती. वीस दिवस रोज सकाळी हेच, आणि वीस दिवस ते मेलं पंचाहत्तर हलायला तयार नव्हतं.

आज गुरुवार. सोमवारी रुग्णालयात पुन्हा वजन होणार होतं. चौऱ्याहत्तरच्या आत असेल तरच तिचं मूत्रपिंड काढून दादाला बसवता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, तेव्हा ती एक्क्याऐंशी किलो होती. बाकी सगळं जुळलं होतं. रक्त जुळलं, रक्तातलं आणखी काय काय जुळलं, रक्तदाब उत्तम, साखर उत्तम. अडलं ते वजनापाशी. सोमवारी जमलं नाही तर दादाचं नाव थांबलेल्यांच्या यादीत जाणार, आणि ती यादी किती लांब असते ते वहिनीनं तिला रडत रडत सांगितलं होतं.

चालू की पळू, असं तिनं तेव्हा विचारलं होतं. डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या, जे रोज कराल ते. हे काय उत्तर झालं? घरी आल्यावर नवऱ्यानं मोबाइलवर हिशेब मांडला. पळण्यात तासाला चालण्याच्या दुप्पट जळतं, म्हणजे अर्धा तास पळणं बरोबर तासभर चालणं, मग तासभर कशाला वाया घालवायचा? हे तो आरामखुर्चीत पाय पसरून सांगत होता. उंटावरचा शहाणा. वहिनीचं म्हणणं उलटं, पळून गुडघे गेले तर काय घ्या, चालाच तुम्ही वन्सं, सावकाश पण नेमानं. तिनं आधी दोन महिने चालून पाहिलं, साडेपाच किलो उतरले. मग पंचाहत्तरपाशी घोडं अडलं, तेव्हा ती पळायला लागली. पळाल्यावर गुडघे ठणकतात, आणि भूक अशी लागते की भांड्यासकट खावं. चालल्यावर भूक लागत नाही. चालल्यावर दुसरंच काहीतरी होतं...

शाळेमागच्या मैदानाला लाल मातीची वाट होती. एक फेरी साडेचारशे पावलांची, तिनं मोजली होती. आज आधी चालू, अंगात ऊब आली की पळू, असं ठरवून ती निघाली आणि दुसऱ्या फेरीलाच ते सुरू झालं. चालताना डोकं रिकामं राहतं आणि रिकाम्या डोक्यात कोण कोण येऊन बसतं. असंच मैदान, अशीच माती, आणि दादा पळतोय. दादा काय पळायचा! बाबा घड्याळ धरून उभे, आणि ती कडेला त्याचा टॉवेल, त्याच्या चपला आणि पाण्याची बाटली घेऊन. परत जाताना बाबा आणि दादा पुढे, बोलत, झपाझप. तू ये गं मागून चालत. ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या हातात दोन माणसांचं सामान होतं. एकदा तो शर्यतीचे बूट घरीच विसरला होता आणि ती ते घेऊन पळत सुटली होती, आडव्या रस्त्यानं, तिची चित्रकलेची परीक्षा त्याच वेळी होती तरी. त्यानं मागितले नव्हते. बूट हातात घेताना तो नुसता हसला होता, आणि आई संध्याकाळी शेजारणीला सांगत होती, आमचा मुलगा कधी काही मागत नाही हो.

मागत नाही. मागायची वेळच कुणी येऊ दिली नाही त्याच्यावर.

ती पळायला लागली. पळताना हे सगळं मागे पडतं, पळताना फक्त श्वास असतो आणि गुडघा, उजवा, डावा, उजवा. छातीत भाता चालू असतो आणि आई नसते, आईचे शेवटचे आठ महिने नसतात, आईची कूस बदलायला रात्री तीनदा उठणारी मी नसते, आणि दोन दिवसांसाठी येऊन निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून 'तू आहेस म्हणून मला काळजी नाही' म्हणणारा दादाही नसतो. तो वाईट नव्हता. हाच तर सगळा वैताग होता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं. पाचव्या फेरीला गुडघ्यातून कळ आली, ती थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली. पळालं की गुडघा थांबवतो आणि चाललं की मन पुढे जाऊ देत नाही, आता करायचं काय माणसानं?

मोबाइल वाजला. दादाचाच, रोज याच वेळी यायचा. आठवड्यातून तीनदा त्याला रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडत आणि चार तास पडून राहावं लागे. त्या दिवशीही निघण्याआधी तो तिला हाक मारी.

"काय ठमे, आकडा काय आज?"

लहानपणी ती गोलमटोल होती, तेव्हापासूनची ठमी. तिनं सांगितलं, पंचाहत्तर-पाचशे. पलीकडे तो जरा खोकला, मग हसला. नाही झालं तर नाही झालं, म्हणाला, तू जिवाला लावून घेऊ नकोस, आणि पळू तर अजिबात नकोस. आवाज थकलेला होता, पण प्रेमळ होता, आणि त्या प्रेमळपणानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका समजूतदार कशाला व्हायचं? ती म्हणाली, बघू, आणि मोबाइल खिशात टाकला.

कारखान्यात गेल्यावर तिला बरं वाटलं. तिथे सगळ्या गोष्टींना वजन होतं आणि ते ठरलेलं होतं. तिनं हातमोजे चढवले, मखमलीच्या खाचांतली पितळी वजनं चिमट्यानं उचलली. उघडा हात लागला तर बोटांच्या तेलानंही वजन बदलतं, हे तिला शून्यकाकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शून्यकाका म्हणजे तिथले सगळ्यांत जुने कारागीर. कुठलाही काटा समोर आला की "आधी शून्य बघ" एवढंच म्हणत, म्हणून हे नाव. दुपारपर्यंत तिनं औषधाच्या दुकानातले तीन काटे तपासले, नोंदी केल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधी निळी वही सहीसाठी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. उकडलेलं अंडं, काकडी आणि पावाची एकच चकती खाऊन, म्हणजे पोटाला फसवून, ती परत आली तेव्हा काका चष्मा कपाळावर चढवून वहीकडे बघत होते.

"हा कुठला काटा गं? गोदामातला का?"

तिनं वाकून पाहिलं. कारखान्याच्या सगळ्या वह्या एकसारख्या निळ्या. तिनं घरची वही दिली होती. सकाळी वजनाची नोंद करून घाईत पिशवीत कोंबलेली. पानावर फक्त तारखा आणि आकडे, नाव कुणाचंच नाही. ती पटकन म्हणाली, हो, गोदामातलाच, जुना आहे, किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो.

काकांनी पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवरून खाली नेलं. ते नेहमीसारखं, घाई न करता बोलले.

"बिघडलेला काटा दोन्हीकडे चुकतो. कधी जास्त, कधी कमी. इथे तू खोडलेले सगळे आकडे कमीचेच आहेत बघ. त्र्याहत्तर-आठशे, त्र्याहत्तर-नऊशे, त्र्याहत्तर-सातशे... आणि या दिवशी तर तीन वेळा कमी आला, तिन्ही खोडलेस, आणि दोन जास्तीचे मिळेपर्यंत तोलत बसलीस."

ती पानावरच्या आडव्या रेघा मोजू लागली.

"काटा चुकत नाहीये हा," ते म्हणाले आणि वही मिटून तिच्याकडे सरकवली. "तपासणाऱ्याला आकडा आधीच ठरवून हवाय."

मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पुढचं काम ओढलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिची चूक काढली होती, आणि कुणाचं वजन ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

दुपारभर ती चिमट्यानं वजनं उचलत राहिली आणि तिला एकही आकडा धड दिसला नाही. खोटं आहे. मी रोज पळते, गुडघे फोडून घेते, रात्री पाणी पिऊन झोपते, ते काय आकडा चढा राहावा म्हणून? पण रेघ तर माझ्याच हातची. वीस दिवस, रोज एक तरी रेघ. आणि दूर कशाला, खालच्या मजल्यावर मोठा सपाट काटा आहे, पोती तोलायचा, शंभर ग्रॅमसुद्धा इकडचे तिकडे होऊ न देणारा, दर महिन्याला मीच जुळवते तो. वीस दिवसांत एकदाही त्यावर उभं राहायचं सुचलं नाही मला. सुचलं नाही? का सुचू दिलं नाही? जगाचे काटे जुळवणारी बाई, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार. तिला स्वतःची किळस आली. यंत्राला जोडलेला दादा दिसला, त्याचा दंडाशी सुजलेला हात दिसला, आणि तरीही आत कुठेतरी एक हट्टी, नऊ वर्षांचं कोणीतरी चपला हातात घेऊन मैदानाच्या कडेला उभं होतं आणि पाऊल उचलायला तयार नव्हतं.

ती चालत होती तेव्हाही दादापासून लांबच जात होती, आणि पळत होती तेव्हाही.

साडेपाचला माणसं गेली. खालच्या मजल्यावर उन्हाचा एक पट्टा जमिनीवर तिरका पडला होता. तिनं मोठ्या काट्याचं बटण दाबलं. आधी शून्य बघ. शून्य होतं. चपला काढल्या, किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल आणि पिशवी बाजूच्या स्टुलावर ठेवली आणि पोलादाच्या गार पत्र्यावर उघड्या पायांनी उभी राहिली. आकडे धावले, अडखळले, तिच्या श्वासाबरोबर शेवटचा अंक वरखाली होत राहिला.

७३.६.

उतरली, चढली. ७३.६. उतरली, चढली. ७३.६. खोडायला काही नव्हतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. तीन महिने ज्याच्यासाठी जीव काढला ते पायाखाली होतं, अंगावरच्या कपड्यांसकट. त्याऐवजी तिला भीती वाटली, सरळ, स्वच्छ भीती. आतापर्यंत ती आणि ते शस्त्रक्रियेचं टेबल, ती आणि डॉक्टरांची सुरी, यांच्यामध्ये दीड किलो होतं. त्याच्यामागे लपता येत होतं. मी तयार आहे हो, पण वजनच ऐकत नाही. आता मध्ये काही उरलं नव्हतं, आणि मी तयार आहे का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. वहिनी रडली होती. नवऱ्यानं, तू बघ बाई, तुझा भाऊ, म्हणून हात झटकले होते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही घेतली होती. ज्याला हवं होतं तो फक्त आकडा विचारत होता.

मोबाइल वाजला. यंत्रावरून सुटून घरी आला की संध्याकाळी कधीमधी तो पुन्हा बोलायचा. तिनं काट्यावरूनच हात लांब करून स्टुलावरचा मोबाइल घेतला.

दादा म्हणाला, आज बरं गेलं, थंडी वाजली नाही. मग नेहमीसारखं, काय ठमे, संध्याकाळचा आकडा?

"आकडा सांगते," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून शांत निघाला. "पण दादा, आधी तू मला विचार."

"काय विचारू?"

"तुला माहीत आहे."

पलीकडे तो हसू लागला आणि मध्येच थांबला. मागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, दार लागलं. तिनं त्याला शब्द सुचवला नाही, सोपं करून दिलं नाही, राहू दे म्हणाली नाही, आणि ते न म्हणणं किती जड जातं ते तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. उत्तर काय देईन ते तिला ठाऊक नव्हतं. हो म्हणेन कदाचित. नाही म्हणायची वेळ आली तर तेही आपल्या तोंडात मावेल, असं तिला वाटलं आणि त्याची लाज वाटली नाही.

त्याचा श्वास ऐकू येत होता, थोडा धाप लागल्यासारखा, शर्यत संपवून आल्यावर लागायची तसा. ती घाई न करता उभी राहिली. पायाखाली शेवटचा अंक अजून हलत होता, मग हळूहळू तोही थांबला.