नीळकंठरावांचा लांब पास

नीळकंठराव हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि बुलढाण्यात त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नाही. सहा महिने ते नुसते अंगणात येरझारा घालत होते. मग थोरल्या जावयाने अमेरिकेहून एक खोकं पाठवलं आणि घरात पुन्हा कचेरी भरू लागली.

खोक्यात तिकडचा फुटबॉल होता. पाटाएवढा हिरवा पत्रा, त्यावर अंगठ्याएवढे लाल आणि निळे गडी, आणि खाली विजेची तार. बटण दाबलं की पत्रा थरथरायचा आणि गडी आपोआप सरकायचे. चेंडू कापसाचा, हरभऱ्याएवढा. तो घेऊन एकाने पुढे सरकायचं, नाहीतर ज्या गड्याच्या हाताला स्प्रिंग होती त्याने तो फेकायचा. आपल्याच गड्याला लागला की पास झाला. चार खेपांत दहा रेघा ओलांडता आल्या नाहीत तर चेंडू समोरच्याला द्यायचा. शेवटची रेघ ओलांडली की गोल. अमेरिकेत त्याला काय म्हणतात कोण जाणे, पण नीळकंठराव गोल म्हणत, म्हणून तो गोल.

तिकडची वीज आपल्यापेक्षा निम्म्या जोराची, हे जावयाने कळवलं नाही आणि सासऱ्याने विचारलं नाही. पहिल्या दिवशी तार थेट भिंतीत खुपसली, तेव्हा गडी लाह्यांसारखे उडाले. शेवटी बाजारातल्या रेडिओवाल्याने मधे एक मोठा बल्ब जोडून दिला, तेव्हा खेळ ताळ्यावर आला.

दर रविवारी पाच वाजता बैठक बसे. देऊळघाटचे किसनराव, चाळीस एकरांचे धनी, बाजारहाट उरकून येत. मार्तंडराव वकील शेजारून येत. जिंकत मात्र नेहमी नीळकंठराव, कारण नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते त्यांच्या मांडीखाली असे. वकिलांनाही इंग्रजी येत होतं, पण चिवडा नीळकंठरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंच्या हातचा होता आणि तो त्यांना सोडवत नव्हता.

"पळतो तो हमाल," नीळकंठराव सांगत. "सेनापती फेकतो!" त्यांनी वहीत सोळा डाव आखले होते, गरुडझेप, वज्राघात अशा नावांचे. सोळाही डावांत चेंडू सगळ्यात लांबच्या गड्याला जायचा. आता थरथरत्या पत्र्यावर तो लांबचा गडी कधीच तोंड फिरवून कडेला गेलेला असे, आणि चेंडू पडे सतरंजीवर. मग मांडीखालचं पुस्तक निघे. "वाऱ्याचा अडथळा. नियम चौदा. पुन्हा." खोलीची दारं-खिडक्या बंद असत.

हे सगळं धाकटी लेक शैलजा चहाच्या कपांमागून पाहत होती. ती बी.ए. झाली होती आणि अमरावतीला बी.एड.ला तिचा नंबर लागला होता. पंधरा जुलैच्या आत हजर व्हा, असं पत्र आलं होतं. ते पत्र नीळकंठरावांनी डावांच्या वहीत खूण म्हणून घातलं. "मुलगी बी.एड. केली की नवरा एम.ए. शोधावा लागतो," ते म्हणाले. खामगावचं एक स्थळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मुलगा सरकीच्या तेलाच्या धंद्यात होता आणि शैलजाला पाहायला आला तेव्हा तासभर फक्त गुरांच्या ढेपेच्या भावावर बोलला होता.

नऊ जुलैच्या रविवारी किसनराव नेहमीप्रमाणे हरत होते. शैलजाच्या तोंडून निघून गेलं, "काका, लांब कशाला? जवळच्याला द्या ना."

किसनरावांनी दिला. पास झाला. "आता गं माय! पोरगी बरोबर बोलून राह्यली!"

नीळकंठरावांच्या कपाळावरची शीर उठली. बायकांनी डाव सांगायचा, तोही त्यांच्याविरुद्ध, आणि तोही बरोबर! "एवढं कळतं ना? मग बस समोर," ते म्हणाले. "सातच्या ठोक्यापर्यंत मला हरवलंस तर मंगळवारी अमरावती. हरलीस तर खामगावला निमूट होकार द्यायचा."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. अन्नपूर्णाबाई दारात आल्या, "अहो, हे काय भलतंच," म्हणाल्या, आणि नेहमीसारखं त्यांचं कोणी ऐकलं नाही. शैलजाने पदर खोचला. नाही म्हटलं तरी खामगाव होतंच. ती बसली.

पहिला गोल बापाने केला, तोही नियम चौदाच्या कृपेने. प्रत्येक गडी उचलून शैलजा पदराने पुसायची, सरळ ठेवायची, पुन्हा पुसायची. "अगं, जेवायला वाढतेस की खेळतेस?" बाप खेकसला. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. पावसाळी अंधारात सहा वाजताच गावातले दिवे लागत, पिठाच्या गिरण्या जोरात असत आणि वीज अर्धमेली होई. हे घरातल्या बाईला ठाऊक असतं, कारण त्याच वेळी तिला तांदळातले खडे दिसेनासे होतात.

सहा वाजले. मधला बल्ब निखाऱ्याएवढा उरला. पत्रा थरथरायचं सोडून नुसता कण्हू लागला आणि गडी जागच्या जागी खिळले. बापाचे निळे गडी अडवायला येईनात. पण स्प्रिंगला कुठे वीज लागते? शैलजाने चार बोटांवरच्या गड्याला चेंडू टाकला. लागला. मग त्याच्या पुढच्याला. तोही लागला. दोन-दोन, तीन-तीन रेघा करत तिने गोल केला, आणि बरोबरी झाली.

नीळकंठरावांनी गरुडझेप काढली. चेंडू वकिलांच्या चहात पडला. त्यांनी पिळून पुन्हा फेकला, तो स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून बाहेर गेला, तिसऱ्या खेपेला सतरंजीवर पडला. "बाबा, जवळच्याला टाका," ती म्हणाली. तिला खरंच कीव आली होती. "तू मला शिकवू नकोस!" ते ओरडले, आणि चौथी खेपही लांबच फेकली. चेंडू तिच्याकडे आला. सातला तीन मिनिटं होती तेव्हा तिने दुसरा गोल केला.

सात वाजले. नीळकंठराव मांडीखाली हात घालून म्हणाले, "अपुरा प्रकाश. नियम एकवीस. सामना रद्द."

"कुठल्या पानावर, बाबा?"

शैलजाने हात पुढे केला. त्यांनी पुस्तक दिलं नाही.

"राहू द्या ते पुस्तक," किसनराव म्हणाले. "तुमी जबान देल्ली, म्या आयकली. वकीलसाहेब, तुमी आयकली का नाही?"

"शब्द तसे होते," वकील चिवडा चावत म्हणाले, "पण अर्थाच्या दृष्टीने पाहिलं तर..."

"मले अर्थ नोका सांगू. भर बाजारात सांगू का मी, का नीळकंठराव बोलले अन् फिरले म्हणून?"

बाजाराचं नाव निघताच नीळकंठरावांचा चेहरा बदलला. मग पुस्तक खोक्यात ठेवून म्हणाले, "जाईल मंगळवारी."

शैलजा स्वयंपाकघरात जाऊन आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आपल्या हाताने आपण काहीतरी जिंकलो, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं.

मंगळवारी ती ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडवर आली, तेव्हा पोस्टमास्तर पुढे झाले. "भाग्यवान आहेस हो पोरी! तुला शिकायला पाठवायचं म्हणून बाप मुद्दाम हरला. एवढा मुरलेला खेळाडू, पण लेकीसाठी चेंडू बाहेर फेकत बसला. वकीलसाहेबांनी स्वतः सांगितलं. महिला मंडळ सत्कार करणार आहे त्यांचा." भोवती चार-पाच जणांनी माना डोलावल्या. नीळकंठराव ट्रंक टपावर चढवून घेत होते. त्यांनी ऐकलं, आणि विनयाने खाली पाहिलं.

शैलजा गाडीत चढली आणि तिला वाटलं, आत्ता खाली उतरावं आणि भर स्टँडवर ओरडून सांगावं की हा माणूस खरा हरला. मी हरवलं याला. तिने पाय पायरीवर ठेवलासुद्धा. पण कंडक्टरने घंटी मारली होती आणि गाडी हलली होती. उतरून बापाला उघडं पाडलं असतं तर अमरावती गेलं असतं. ती मागे फिरून बाकावर बसली. खिडकीखालून नीळकंठराव मोठ्याने म्हणाले, "नीट अभ्यास कर, बापाचं नाव राख," आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हो, बाबा."