पोंभुर्ण्याचे आकाशयान

मी एक जुने आकाशयान आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा, मला सवय आहे. पोंभुर्ण्याला अयूबभाऊंच्या अंगणात मी कडुलिंबाखाली पडून असते. माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालतात, आणि पहाटे कोंबडा माझ्या नाकावर चढून बांग देतो. तरीही मी आकाशयानच आहे. कोणी मला खुराडा म्हटले की अजूनही माझा पत्रा तापतो.

माझा जन्म सत्त्याण्णव साली झाला. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत धान घरात आले की नाटकांचे दिवस येतात. गावोगावी शंकरपट भरतो. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. घरोघर पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की नाटक पाहिजेच. त्या वर्षी आमच्या मंडळीने ठरवले की राजा-राणी पुष्कळ झाले, सासू-सून पुष्कळ झाल्या, आता नाटक थेट आकाशात न्यायचे. नाटकाचे नाव होते ‘घर हरवले आकाशात’. ताऱ्यांमधून जाणारे एक यान विषारी ढगात सापडते आणि यानातल्या सगळ्यांची आठवण पुसली जाते. आपण कोण, हे यान कुणाचे, परत कुठे जायचे, कुणालाच काही सांगता येत नाही. शेवटी कप्तानाला आपल्या दारातले मोहाचे झाड आठवते आणि सगळे घरी परततात, अशी ती गोष्ट होती.

यान बनवायचे काम अयूबभाऊंकडे आले. त्यांचा धंदा पत्र्याच्या पेट्या आणि धानाच्या कोठ्या बनवायचा. त्यांनी डांबराचे पिंप कापून माझे अंग केले, बांबूच्या कामट्यांच्या फासळ्या केल्या, दोन बाजूंना पंख लावले आणि चंदेरी रंग दिला. रंगमंचावर मला दोरीने ओढत आणता यावे म्हणून सगळा सांगाडा त्यांनी एका जुन्या छकड्यावर चढवला. त्यांची बायको खैरुन रोज येऊन बघायची आणि म्हणायची, “आकाशात जाचं हाये म्हनता, अन् खाली बंडीचे चाकं काऊन लावले?” मला फार अपमान वाटायचा. पुढे त्याच चाकांनी माझी लाज राखली, ते सांगतेच.

अयूबभाऊंचे मंडळीत आणखी एक काम होते. ते प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे तालमी कमी आणि प्रयोग जास्त. नट आज या नाटकात, तर उद्या त्या नाटकात. म्हणून अयूबभाऊ रंगमंचाच्या अगदी पुढ्यात, लोकांकडे पाठ करून बसत आणि प्रत्येक वाक्य आधी हळू आवाजात सांगत. नट ते उचलून आपल्या आवाजात फेके. लोकांना त्याचे काहीच वाटत नसे. अयूबभाऊ त्यांच्या लेखी जणू दिसतच नसत, इतकी वर्षे लोकांनी त्यांची फक्त पाठ पाहिली होती. मंडळीचा दुसरा नियम असा की कोणी अडखळला तर बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचे. काही झाले तरी नाटक थांबता कामा नये. हा नियम नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण घात त्यानेच केला.

माझा कप्तान होता खुशालभाऊ. शेती करायचा, आणि हंगाम नसला की बांबू तोडायला जंगलात जायचा. आवाज असा की शेवटच्या रांगेतले झोपलेले म्हातारे दचकून उठत. त्याला प्रॉम्प्टिंग लागतच नसे. एकदा ऐकले की त्याचे पाठ. अयूबभाऊ त्याला फक्त पहिला शब्द सांगत, तोही केवळ आपला हुद्दा राखायला. प्रत्येक प्रयोगाआधी खुशालभाऊ माझ्या नाकावर थाप मारायचा आणि म्हणायचा, “चाल बाप्पा, जाऊ वर.” ती थाप पडली की मला खरोखरच उडाल्यासारखे वाटे.

पहिले प्रयोग गाजले. माझे लाल-हिरवे दिवे लागले, आतला टेबलफॅन घरघरला की पोरे आईच्या कुशीत शिरत. माझी कीर्ती गोंडपिपरीपर्यंत पोचली. मी फुशारून गेले होते, हे काही लपवत नाही.

मग गोंडपिपरीच्या पुढच्या एका गावचे बोलावणे आले. तिथे शंकरपट होता. पण ठरलेल्या रात्री जनरेटर बिघडला आणि नाटक झालेच नाही. पाहुणे चिडले. गावकऱ्यांनी ठरवले की आता उद्या दुपारीच करा, पण करा. दिवसाढवळ्या आकाशयान! ना दिवे, ना तारे. माझ्या अंगावरचे डांबरसुद्धा उन्हात स्पष्ट दिसत होते. मी मनातून फार खट्टू झाले होते.

त्या दुपारी खुशालभाऊ जवळ आला आणि त्याने मला थाप मारली नाही. नुसता टेकून उभा राहिला. पत्र्याआडूनही मला त्याची थरथर कळत होती. थंडीचे दिवस होते, त्यामुळे कोणी काही विचारले नाही. वारलू नावाचा आमचा विनोदी नट एवढेच म्हणाला, “कप्तान, चहा पे, हिव पडते.” खुशालभाऊने कप हातात घेतला आणि न पिताच माझ्या चाकाशी ठेवून दिला.

नाटक सुरू झाले. पहिला प्रवेश नीट पार पडला. दुसऱ्या प्रवेशात यान ढगात शिरले. आता कप्तानाने कपाळाला हात लावून म्हणायचे होते, “मी कोण? हे यान कुणाचे?” अयूबभाऊंनी पहिला शब्द सांगितला. खुशालभाऊ गप्प. त्यांनी दुसरा सांगितला, मग अख्खे वाक्य सांगितले. खुशालभाऊ त्यांच्याकडे असा पाहत होता की समोर बसून हा माणूस आपल्याशी का बोलतो आहे, हेच त्याला समजत नव्हते. मग तो लोकांकडे वळला आणि अगदी हळू म्हणाला, “मले घरी जाचं हाये. पन घर कुठी हाये?”

ते वाक्य नाटकात नव्हते. तो आवाजही कप्तानाचा नव्हता. मी हादरले. आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला!

कसे सांगू तुम्हाला? शिट्ट्या वाजल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिल्या रांगेत सुकलू बसला होता. त्याच्या बैलजोडीने सकाळीच पट जिंकला होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती. तो उठून ओरडला, “वन्स मोअर!” मागून सगळा मांडव ओरडू लागला. वन्स मोअर, वन्स मोअर! अहो, काय पुन्हा? त्या माणसाचे घर हरवले होते, ते त्याने पुन्हा हरवायचे?

मंडळीला वाटले, खुशालभाऊची दोन पाने गाळली गेली. मग नियमाप्रमाणे सगळे त्याला सांभाळून घ्यायला धावले. अन्नपूर्णाबाई यानातल्या डॉक्टरीण झाल्या होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, “कप्तान, मलाही काही आठवत नाही हो!” वारलूने आपलीच टोपी ओळखायला नकार दिला आणि हशा पिकवला. एकेक करून साऱ्या यानाची आठवण गेली. जो तो आपल्या परीने विसरत होता आणि खरा विसरलेला माणूस त्यांच्या मधोमध उभा होता. मला ओरडता आले असते तर मी गाव गोळा केले असते. पण गाव तर तिथेच गोळा झालेले होते आणि टाळ्या वाजवत होते.

बायकांच्या बाजूला खुशालभाऊची बायको रुखमा बसली होती. ती टाळी वाजवत नव्हती. ती उठली, माणसांतून वाट काढत सरळ रंगमंचावर चढली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

खुशालभाऊने तिला नीट पाहिले आणि आदराने विचारले, “बाई, तुमी कोन?”

पुन्हा टाळ्या! लोकांना वाटले, हीसुद्धा नाटकातलीच. रुखमाने त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

“अवो, याईचं अंग भाजून राह्यलं!” ती किंचाळली. “नाटक नोहे हे! खरंच याईले काई समजून नाई राह्यलं!”

यावर तर मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. असे काम यापूर्वी कुणी पाहिले नव्हते म्हणे. माझा आजही विश्वास बसत नाही. इतकी शहाणीसुरती माणसे, कुणाकुणाच्या घरात तापाने माणूस गेलेला, आणि एकालाही दिसू नये?

तेव्हा अयूबभाऊ उठले. त्यांनी वही खाली टाकली आणि जन्मात पहिल्यांदा लोकांकडे तोंड केले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पाहून पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मग मागच्या थांबल्या. प्रॉम्प्टरच उभा राहिला म्हणजे नाटक संपले, एवढे मात्र सगळ्यांना कळत होते. त्या शांततेत खुशालभाऊ माझ्या चाकाशी कोसळला.

“गाडी काढा! दवाखान्यात न्या!” एकच गोंधळ उडाला. पण गाडी होती कुठे? मंडळीचा ट्रॅक्टर जनरेटर घेऊन दुरुस्तीला गेला होता. बंड्या, म्हणजे बैलगाड्या होत्या, पण त्या दूर, गावाबाहेर पटाच्या मैदानाकडे सोडलेल्या. सुकलू मान खाली घालून धावत गेला आणि मांडवामागे बांधलेली आपली जोडी घेऊन आला. ती त्याने कुठे जुंपली असेल? मला!

मित्रांनो, मी त्या दिवशी खरोखर उडाले. पटाचे बैल ते, त्यांना सावकाश चालणे ठाऊकच नव्हते. माझ्या पोटात खुशालभाऊ चंदेरी कपड्यांत पडलेला, त्याचे डोके रुखमाच्या मांडीवर. अयूबभाऊ त्याला धरून बसले होते. पांदीच्या, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेच्या खड्ड्यांत माझे पत्रे निखळत होते, एक पंख तर पहिल्याच वळणावर ऐनाच्या झाडाला अडकून राहिला. मला त्याचे काही वाटले नाही. अयूबभाऊ वाटभर खुशालभाऊच्या कानाशी वाकून हळू आवाजात सांगत होते, “तू खुशाल होय. हे रुखमा होय. आपन पोंभुर्ण्याचे होय.” तो एकही शब्द उचलत नव्हता.

दवाखान्याच्या दारात आकाशयान थांबलेले पाहून तिथले लोक अवाक झाले. अन्नपूर्णाबाई मागून कुणाच्या तरी सायकलवर आल्या, त्यांच्या गळ्यात अजून खोटी नळी होती. ती त्यांनी घाईघाईने काढली आणि पदराखाली लपवली. डॉक्टरांनी बोट टोचून रक्त घेतले. जंगलातला हिवताप मेंदूत चढला होता. सुई देता देता त्यांनी विचारले, “यांना माणसं ओळखेनाशी कधीपासून झाली?”

मी खिडकीशीच उभे होते, सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते. सुकलू भिंतीकडे तोंड करून रडत होता.

खुशालभाऊला जीपमधून चंद्रपूरला नेले. तो वाचला. पण घरी आला तेव्हा बरेच काही मागे सोडून आला होता. रुखमाचे नाव त्याला पुन्हा शिकावे लागले. अयूबभाऊ रोज संध्याकाळी त्याच्या घरी जात, समोर बसत आणि पहिला शब्द सांगत. शेताचे नाव, बैलांची नावे, शेजाऱ्यांची नावे. हळूहळू तो उचलू लागला. ते नाटक मात्र मंडळीने परत कधी केले नाही आणि खुशालभाऊला ते कधी आठवले नाही. माझा उरलेला सांगाडा अयूबभाऊंनी अंगणात आणून ठेवला. रंग उडाला, पाऊस लागला, कोंबड्या आल्या. मला पाहायला कुणी येईना. मीही रुसून बसले.

परवाच्या मे महिन्यात खुशालभाऊ बाजाराला आला होता.

“जय भीम, खुशालभाऊ, ये,” अयूबभाऊ म्हणाले.

तो माझ्याजवळ थांबला. “अयूबभाऊ, हे काय होय?” दरवेळी तो हेच विचारतो.

“खुराडा होय, अजून काय?” अयूबभाऊ दरवेळी हेच सांगतात. त्या नाटकातला एकही शब्द त्याला पुन्हा सांगायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे. मी म्हणूनच ते निमूट ऐकून घेते.

त्या दिवशी ऊन असे होते की कोंबड्याही बाहेर पळाल्या होत्या. खुशालभाऊने सहज माझ्या नाकावर हात ठेवला. मला वाटले, आता थाप पडणार. पण त्याने हात तसाच ठेवला, मग उलटा करून पुन्हा लावून पाहिला, जसा आजारी लेकराच्या कपाळाला लावतात.

“अंग लय तापलं याचं,” तो काळजीने म्हणाला. “कोनी पाह्यलं नाई काय?”

अयूबभाऊंनी तोंड फिरवले. खुशालभाऊने रांजणातले पाणी काढले, एक गोणपाट भिजवला आणि माझ्या अंगावर घातला.

मित्रांनो, मी पत्रा आहे, मला ताप येत नाही. तुमच्या शेजारी बसलेल्याला येतो. तो काही वेगळे बोलला, गप्प झाला, तुम्हाला ओळखेनासा झाला, तर हसू नका, टाळी वाजवू नका. आधी त्याच्या कपाळाला हात लावा.