पातेल्याखालचं लाइफ जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे. माप एक्स्ट्रा लार्ज, रंग एके काळी नारिंगी. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा गोड बोलतात, उसासे टाकतात, कुणाचं मन दुखवत नाहीत. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी चिडलोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय, आणि मला तर तळपायही नाहीत आणि मस्तकही नाही. यावरून काय ते समजा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईने माझे तिन्ही पट्टे शिवले आणि प्रत्येक पट्ट्याला तीन तीन हिसके देऊन पाहिले. मग माझ्या लॉटमधल्या काही भावंडांना लोखंडी वजनं बांधून हौदात सोडलं. सगळी वर आली. त्या दिवशी आमच्या पाठीवर शिक्का बसला आणि मला वाटलं, आपलं आयुष्य सार्थकी लागणार. माणसं आपल्याला बघतील, हसतील, अंगात घालतील. कप्पाळ माझं!

तिथून माझी रवानगी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला झाली. बेलव्ह्यूहून निघून डोंगर ओलांडला, तीन तास गाडी चालवली, की पाऊस आणि हिरवी झाडं मागे राहतात आणि वाळवंट सुरू होतं. खुरटी झुडपं, काळे कडे, वाळूच्या टेकड्या. त्यांच्या मधोमध धरणाचं निळंशार पाणी. लोक लांबून लांबून येतात. कुणी वाळूत गाड्या उडवतात, कुणी गळ टाकून बसतात, कुणी फळीवर उभं राहून वल्हं मारतात, कुणी तंबू ठोकतात. उन्हातान्हात भाजून आलेल्या माणसाला ते पाणी दिसलं की त्याची अक्कल आधी पाण्यात उडी मारते, आणि मागून तो.

पण ते पाणी काही तुमच्या मजेसाठी अडवलेलं नाही. ते शेतांसाठी आहे. उन्हाळाभर कालव्यांनी जातं आणि ऑगस्टपर्यंत पातळी एका घराच्या उंचीइतकी खाली येते. जूनमध्ये जिथे कंबरभर पाणी होतं, तिथे कोरडी वाळू दिसते, आणि तिच्यापुढे चार पावलांवर जुन्या दरीचा उतार एकदम खाली जातो. वर पाणी कोमट, खाली बर्फासारखं गार. शिवाय दुपारी तीनच्या सुमाराला किनाऱ्याकडून आत वारा सुटतो. हे सगळं पाटीवर लिहिलंय. वाचतो कोण?

पहिली सहा वर्षं मी भाड्याच्या बोटींवर काम केलं. ती वर्षं चांगली होती, खोटं कशाला बोलू! एका एप्रिलमध्ये एका बाईंची होडी उलटली. अर्धा तास मी त्यांची हनुवटी पाण्याच्या वर धरून ठेवली. बाहेर आल्यावर त्यांनी मला मिठी मारली आणि ढसाढसा रडल्या. तेवढी एक शाबासकी मला आयुष्यात मिळाली.

मग माझा रंग उडाला. बोटवाल्यांनी नवी जॅकेटं घेतली आणि आम्हा जुन्यांना किनाऱ्यावरच्या लाकडी फळ्याला दान केलं. फळ्यावर खुंट्या आहेत आणि वर लिहिलंय, 'फुकट घ्या, घाला, परत लावा.' माझ्या मापाची दोनच होती. मी आणि एक निळं. लोक आम्हाला घेत, नाही असं नाही. मला उशाला घेतलंय. माझ्यावर गुडघे टेकून टायरमध्ये हवा भरलीय. ओल्या कुत्र्याला माझ्यावर झोपवलंय. एका पठ्ठ्याने तर मला कलिंगड बांधून वाळूतून ओढत नेलं. ज्यांनी अंगात घातलं त्यांनी बकल उघडं ठेवलं, फोटो काढला आणि उतरवून फेकलं. मी सगळं गिळलं. म्हटलं, जाऊ दे, लोक अडाणी आहेत.

मग आज, शनिवारी, एक डॉक्टर आले. अडाणी नव्हेत, चांगले शिकलेसवरलेले, रिटायर्ड डॉक्टर.

बेलव्ह्यूच्या मराठी मंडळातली आठ कुटुंबं सहलीला आली होती. त्यांत अनीश आणि हिमानी, त्यांची सात वर्षांची सिया, आणि दूरच्या नेपरव्हिल शहराहून महिनाभर राहायला आलेले अनीशचे आईवडील, शुभाकाकू आणि शशिकांतकाका. डॉक्टर म्हणजे हेच काका, वय एकाहत्तर. छाती अजून ताठ, आणि आवाज छातीपेक्षा ताठ.

हिमानी तेवढी शहाणी निघाली. गाडीतून उतरल्याबरोबर पाटी वाचली, फळ्यावरून दोन जॅकेटं घेतली. लहान हिरवं सियाला घातलं, बकल लावलं, ओढून बघितलं. मला तिने सासऱ्यांपुढे धरलं.

"बाबा, हे घाला ना प्लीज. तुमच्यासाठी आणलंय."

"हे? मला?" काका असे हसले की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "अगं, आठव्या वर्षी पाठीला भोपळा बांधून वडिलांनी विहिरीत ढकललं होतं मला. नवव्या वर्षी भोपळा सोडला. पुरुषभर खोल विहिरीत काठावरून सूर मारायचो. हे असलं घालून उतरलो तर विहीर हसेल मला!"

हसेल म्हणे! मित्रांनो, ज्या भोपळ्याने वर्षभर या माणसाला तरंगत ठेवलं, तो माझाच कुणी पूर्वज लागतो. त्याचं नाव गोष्टीत आलं ते फक्त तो सोडला म्हणून.

"बाबा, ही विहीर नाहीये," हिमानी म्हणाली. "इथे ड्रॉप-ऑफ आहे, पाटीवर लिहिलंय."

"मी आहे ना! तू टेन्शन घेऊ नकोस," काका म्हणाले, आणि मला वाळूवर टाकून माझ्यावर बसले.

बसले ते बसले. पण तासाभराने ते पाण्यात गेले तेव्हा शुभाकाकूंनी गॅसच्या छोट्या शेगडीवर मसालेभात गरम केला. पातेलं कुठे ठेवायचं? टेबल प्लास्टिकचं, जळेल. काकूंनी इकडेतिकडे बघितलं, मला उचललं, टेबलावर पसरलं आणि ते रसरसतं पातेलं माझ्या छातीवर ठेवलं. टेबल वाचलं. माझ्या आतला फोम वितळायला लागला तो मला कळत होता. ओरडणार कुणाला?

अनीश झाडाखाली कामाच्या कॉलवर होता. हिमानी क्रीम आणायला वर गाडीकडे गेली होती. काका कंबरभर पाण्यात उभे होते आणि सिया त्यांच्यासमोर फुगवलेल्या गुलाबी फ्लेमिंगो पक्ष्यावर बसली होती.

"आजोबा, इट्स सो इची," सिया जॅकेट ओढत म्हणाली. "तुम्ही नाही घातलंय. व्हाय डू आय हॅव टू?"

"मग काढ ना बेटा," काका म्हणाले. "काही होत नाही. मी आहे ना!"

हे टेबलापर्यंत ऐकू आलं. मी ऐकलं. शुभाकाकूंनीही ऐकलं, कारण त्यांचा भात ढवळणारा हात थांबला. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सियाने बकल उघडलं, हिरवं जॅकेट काठावर भिरकावलं.

तीन वाजून गेले होते. वारा सुटला.

फ्लेमिंगो नुसता हवेने भरलेला. तो वाऱ्याबरोबर असा निघाला की काकांचा हात पोचेपर्यंत दोन हात लांब, मग दहा हात, मग पोहण्याच्या हद्दीच्या दोरापलीकडे. सिया आधी हसत होती. मग "आजोबा!" म्हणून किंचाळली.

काका निघाले. पोहत होते चांगले, ते मी नाकारत नाही. पण विहीर केवढी असते? चार हात मारले की दगड हाताला लागतो. इथे दगड नव्हता. त्यांनी फ्लेमिंगो गाठला तेव्हाच त्यांचा श्वास तुटत होता. त्यांनी शेपटीला धरून ओढलं, फ्लेमिंगो कलंडला आणि सिया पाण्यात पडली. वारा ते फुगवलेलं भूत घेऊन गेला. आता तिथे एक थकलेला म्हातारा होता, त्याच्या एका हातात नात होती आणि खाली गार काळं पाणी. पट्टीचे पोहणारेच बुडतात, ही म्हण काकांनी लहानपणी शंभरदा ऐकली असेल. पालथ्या घड्यावर पाणी!

"अनीश! अरे अनीश!" काकू ओरडल्या. अनीशने फोन टाकला आणि धावला. तो नुसता पाण्याकडे धावला होता, पण काकूंनी त्याला अडवलं. त्यांनी दोन्ही हातांनी पातेलं उचललं, अख्खा मसालेभात वाळूत उलटा केला, आणि मला त्याच्या अंगावर फेकलं. "हे घाल आधी! घाल म्हणते ना!" त्यांचे तळवे भाजले होते. ते त्यांना खूप नंतर कळलं.

अनीशने मला घातलं, तिन्ही बकलं लावली, काठावरचं हिरवं जॅकेट दातांत धरलं आणि पाण्यात शिरला. माझ्या छातीत पातेल्याएवढा खड्डा पडलेला. तरी मी तरंगलो. आम्ही पोचलो तेव्हा काकांचं नाक पाण्याखाली जात होतं आणि हात मात्र वर होता, सियाला धरून. अनीशने हिरवं जॅकेट सियाच्या काखेत सरकवलं आणि तिला छातीशी घेतलं. काकांनी माझा खांद्याचा पट्टा पकडला. तीन माणसं पेलायला मला बनवलेलं नाही. दोनसुद्धा नाही. तो पट्टा शिवणाऱ्या त्या बाईचे हात सोन्याचे असोत. टाका तुटला नाही. गळ टाकून बसलेलं एक म्हातारं जोडपं मोटरबोट घेऊन येईपर्यंत आम्ही चौघं तसेच लोंबकळत राहिलो.

किनाऱ्यावर सगळं मंडळ जमलं. कुणी टॉवेल आणला, कुणी थर्मासमधला चहा. हिमानी धावत आली आणि सियाला कवटाळून खालीच बसली. कुणीतरी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. "काका, सॉलिड! या वयात! यू आर अ हीरो यार!"

काकांचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. पण कॅमेरा दिसल्यावर छाती ताठ झाली. "विहिरीतलं पोहणं आहे हे," ते म्हणाले. "विसरत नाही माणूस. म्हणून तर पोचलो मी तिच्यापर्यंत. स्विमिंग पूलवाल्यांचं काम नव्हे ते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चिखलात उताणा पडलो होतो. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ना? इथे वैद्य स्वतःच तसा वागत होता!

"नो, आजोबा."

सिया बोलली होती. टॉवेलात गुंडाळलेली, थरथरत. "यू टोल्ड मी टू टेक इट ऑफ. तुम्ही म्हणालात, काही होत नाही."

टाळ्या थांबल्या. हिमानीने मान वर केली. "बाबा? तुम्ही काढायला सांगितलंत?"

"अगं, तिला खाजत होतं, म्हणून मी..."

"खाजत होतं म्हणून नव्हे," शुभाकाकू म्हणाल्या. "तुम्ही घातलं नव्हतंत म्हणून. मी इथेच होते. सगळं ऐकलं, आणि गप्प बसले. तुम्हाला टोकलेलं खपत नाही ना! पंचेचाळीस वर्षं गप्प बसतेय मी. आज माझी नात गेली असती, अहो!"

व्हिडिओवाल्याने हळूच फोन खाली घेतला. काकांनी त्याचा हात धरला. मग म्हणाले, "नको, चालू ठेव तो. पाठव सगळ्यांना. मीच काढायला सांगितलं. आणि शेवटी माझी बोटं उघडायला लागली होती. अनीश आला नसता तर ती सुटली असती माझ्या हातून." ते सियासमोर वाळूत बसले. "माझं चुकलं, बेटा."

सिया आईच्या कुशीत तोंड लपवून बसली. खरं सांगतो, तिथे माझा राग थोडा उतरला. थोडाच.

संध्याकाळी या किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या रेंजर बाई आल्या. त्यांनी मला उचललं, छाती दाबून बघितली आणि त्यांचं बोट वितळलेल्या खड्ड्यात गेलं. "हे आता कुणाला देता येणार नाही," त्या म्हणाल्या. काकूंनी भाजलेला हात वर करून सांगितलं, "मी ठेवलं होतं पातेलं. मी." रेंजर बाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी मला फळ्याला लावलंही नाही. आमच्यात रीत अशी, की बिघडलेल्या जॅकेटाचे पट्टे कापतात, म्हणजे चुकूनही कुणी ते घालणार नाही. सोमवारी माझे कापतील. अनीशने तिथेच उभं राहून फोनवर पाच नवी मागवली. छान केलं. पण ती येईपर्यंत, मित्रांनो, फळ्यावर मोठ्या मापाचं एकच निळं उरलंय, आणि उद्या रविवार आहे, गर्दीचा.

म्हणून आज बोलून घेतो. मला जपा, धुवा, सावलीत वाळवा, माझ्यावर भांडी ठेवू नका, हे तर आहेच. पण माझं खरं मागणं मोठ्यांकडे नाही. मोठ्यांना सांगून झालं, पाट्या लावून झाल्या. मागणं तुम्हा मुलांकडे आहे. पाण्यावर गेलात की आधी स्वतःचं बकल लावा. मग आजोबांसमोर उभे राहा आणि सांगा, तुम्ही घातल्याशिवाय मी पाय भिजवणार नाही. ते हसतील. विहिरीची गोष्ट सांगतील. तुम्ही हटला नाहीत तर चारचौघांत तुमच्यावर रागावतील. रागावू देत! रागावलेल्या आजोबांना घरी नेता येतं.